ॲनी ओकली : आपल्या मापाची बंदूक



आजचा पाठ कुठल्याच इयत्तेच्या पुस्तकात नाही. तो मला एका बेचकीमुळे सांगावा लागला, म्हणून आधी त्या बेचकीचं सांगते.

माझी शाळा कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांच्या शिवेजवळ, एका वाडीवर आहे. पहिली ते चौथी, दोन शिक्षक. गणपतीची सुट्टी संपून शाळा भरली आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिसरीतल्या एका मुलाच्या दप्तरातून बेचकी निघाली. आमच्याकडची मुलं तिला गलोल म्हणतात. पेरूच्या फांदीचा दुबेळका, सायकलच्या ट्यूबचं रबर आणि जुन्या चपलेचं कातडं. मी नियमाप्रमाणे ती जप्त केली. पाखरं मारणं चूक, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा, कुणाच्या डोळ्याला लागलं तर काय, हे सगळं बोलून झालं आणि बेचकी कपाटात गेली.

मधल्या सुट्टीत मात्र मलाच राहवलं नाही. शाळेमागच्या बांधावर रिकामा डबा ठेवला आणि नेम धरला. पहिला खडा माझ्याच पायाशी पडला. दुसरा माझ्या अंगठ्यावर बसला. तिसरा मारायच्या आत खिडकीतून हसू ऐकू आलं. अख्खा वर्ग बघत होता.

बेचकीचा मालक पुढे आला आणि मोठ्या माणसासारखं समजावून सांगू लागला. तो डावखुरा आहे. बेचकी उजव्या हातात धरतो, रबर डाव्या हाताने ओढतो. दांड्यावर अंगठा बसायला त्याने विळ्याने खाच केली आहे, ती त्याच्या उजव्या अंगठ्याची. मी डाव्या हातात धरली तेव्हा ती खाच भलत्याच बाजूला आली. शिवाय दांडा मुळात मोठ्या भावाचा होता, याने तो दोन बोटं कापून आपल्या मुठीएवढा केला. माझ्या हातात ती नीट बसणार नाही, त्यात माझी काही चूक नाही, असंही त्याने मला दिलासा देत सांगितलं. हा तोच मुलगा ज्याच्या अक्षराबद्दल मी वहीत दर आठवड्याला लाल शेरा मारत होते.

त्याच दिवशी चौथीतल्या एका मुलीने विचारलं, की बायकांमध्ये कुणी नेमबाज असतात का? मग मी दोन दुपारी मिळून मुलांना ॲनी ओकलीची गोष्ट सांगितली. बंदुकीची गोष्ट लहान मुलांना सांगावी का, हा प्रश्न तुम्हाला पडेल. मलाही पडला होता. पण ही गोष्ट बंदुकीपेक्षा मापाची जास्त आहे. वाचून तुम्हीच ठरवा.

ॲनीचं खरं नाव फीबी ॲन मोझी. जन्म १३ ऑगस्ट १८६०, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, डार्क काउंटीत. आईवडील क्वेकर पंथाचे, म्हणजे शांतता पाळणारे, साधे, कष्टाळू शेतकरी. लाकडी ओंडक्यांचं घर, आजूबाजूला जंगल, घरात खाणारी तोंडं बरीच. ॲनी पाच वर्षांची असताना वडील धान्य आणायला गिरणीवर गेले आणि परतीच्या वाटेवर बर्फाच्या वादळात सापडले. घरी पोचले, पण गारठ्याने खचलेलं शरीर सावरलं नाही. १८६६ च्या सुरुवातीला ते गेले.

पुढचं आपल्या वाडीवरच्या कुठल्याही पालकाला न सांगता कळेल. कर्ता माणूस गेला, जनावर विकलं, घर बदललं, आई दुसऱ्यांकडे कामाला जाऊ लागली. ॲनी लहान लहान फासे लावून पाखरं धरू लागली. घरात भिंतीवर वडिलांची जुनी लांब नळीची रायफल टांगलेली होती. आठ वर्षांची असताना तिने खुर्चीवर चढून ती खाली काढली आणि आधारावर टेकवून कुंपणावरची खार टिपली, असं ती पुढे सांगत असे. आधारावर टेकवून, हे लक्षात ठेवा. ती बंदूक जवळपास तिच्याएवढीच उंच असणार. उभं राहून खांद्याला लावणं तिला शक्यच नव्हतं. बंदूक मोठ्या पुरुषाच्या मापाची, आणि मुलगी दुसरीतली म्हणा ना.

पण गोष्ट लगेच सुखाची झाली नाही. साधारण नऊ-दहा वर्षांची असताना आईने तिला काउंटीच्या अनाथ-गरिबांच्या आश्रयगृहात पाठवलं. तिथे वेडे, म्हातारे, निराधार मुलं सगळे एकत्र. तिथल्या व्यवस्थापकांच्या पत्नीने तिला शिवणकाम शिकवलं. मग एका कुटुंबाने तिला घरकामाला नेलं. बाळ सांभाळायचं, आठवड्याला काही पैसे मिळतील, शाळेतही पाठवू, असा करार. प्रत्यक्षात पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणं, मार, उपास, आणि शाळा नाहीच. रफू करताना डोळा लागला म्हणून एकदा तिला अनवाणी बर्फात उभं केलं होतं. जवळपास दोन वर्षं ती तिथे होती. मग एक दिवस पळून गेली. त्या कुटुंबाचं नाव तिने आयुष्यभर कधी उच्चारलं नाही. आठवणी सांगताना त्यांना फक्त लांडगे म्हणायची.

हा भाग सांगताना माझा वर्ग अगदी गप्प होता. आमच्या मुलांपैकी निम्म्यांनी दिवाळीनंतरचे महिने वीटभट्टीवर काढलेले आहेत. त्यांना करार, उचल, मुकादम हे शब्द बेरीज-वजाबाकीच्या आधी कळतात.

घरी परतल्यावर ॲनी पुन्हा जंगलात गेली, आता पूर्ण वेळ. तितर, लाव्हे, ससे मारून ती ग्रीनव्हिल गावातल्या एका किराणा दुकानदाराला विकायची. तो तो माल सिनसिनाटीच्या हॉटेलांकडे पाठवायचा. तिच्या मालाला मागणी असायची, कारण ती प्राण्याच्या डोक्यात नेम धरायची. अंगात छर्रे राहात नसत, जेवणाऱ्याच्या दाताखाली काही येत नसे. या पैशातून पंधराव्या वर्षी तिने आईच्या घरावरचं कर्ज फेडलं. आता तिथे तो सगळा प्रकार कायदेशीर होता आणि आपल्याकडे नाही, हे मी मुलांना दोनदा सांगितलं. मुलं माझ्याकडे जरा संशयाने बघत होती. घरात चूल कशावर पेटते हे त्यांना माहीत आहे, आणि मलाही.

पुढे सिनसिनाटीला फ्रँक बटलर नावाचा नावाजलेला नेमबाज आला. कुणाशीही पैज लावायला तो तयार असायचा. त्याच्यासमोर उभी राहिली ही छोटीशी मुलगी. पंचवीस नेमांची पैज आणि शेवटच्या नेमाला बटलर हुकला. हे १८७५ ला झालं की १८८१ ला, यावर चरित्रकार अजून भांडतात. त्यात आपण पडू नये. दोघांचं लग्न झालं हे नक्की. आणि लग्नानंतर काही काळाने बटलरने स्वतःचं नेमबाजीचं काम बाजूला ठेवलं आणि बायकोचा व्यवस्थापक झाला. तो काळ बघता हे तिच्या नेमापेक्षाही दुर्मीळ. ओकली हे तिचं रंगमंचावरचं नाव.

१८८५ साली ती बफेलो बिलच्या वाइल्ड वेस्ट या प्रचंड खेळात दाखल झाली. उंची जेमतेम पाच फूट, म्हणजे १५२ सेंटिमीटर. (मी स्वतः त्याहून दोन बोटं कमीच आहे. फळ्याच्या वरच्या टोकाला तारीख लिहायला मला स्टूल लागतं, म्हणून ॲनीवर माझा जरा जास्तच जीव.) पत्त्याच्या कडेवर नेम धरून तो चिरणं, आरशात बघून पाठीमागचं लक्ष्य फोडणं, डाव्या आणि उजव्या दोन्ही हातांनी मारणं हे तिचे खेळ. त्याच वर्षी एका दिवसात हवेत उडवलेल्या ५००० काचेच्या गोळ्यांपैकी ४७७२ तिने फोडल्या. मुलांना मी याचं शेकडा प्रमाण काढायला सांगितलं नाही, चौथीला ते नाही. पण चुकलेले किती हे त्यांनी काढलं. २२८. तिसरीतल्या एकाने विचारलं की ते २२८ का चुकले असतील. मला हा प्रश्न फार आवडला.

आता जरा थांबून बंदुकीच्या लाकडाबद्दल बोलू, कारण खरी गंमत तिथे आहे.

बंदूक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नळी येते. पण माणसाचा संबंध येतो तो मागच्या लाकडी भागाशी, दस्त्याशी. तोच खांद्याला टेकतो, त्यावरच गाल टेकतो, त्याच्याच मानेला मूठ धरते. चांगल्या बंदुकीचा दस्ता बहुधा अक्रोडाच्या लाकडाचा असतो. ते लाकूड घट्ट, तरी फार जड नाही, आणि कोरायला चांगलं. या दस्त्याची तीन-चार मापं असतात आणि ती प्रत्येक माणसाची वेगळी.

पहिलं माप लांबीचं, घोड्यापासून म्हणजे चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंत. दस्ता फार लांब असेल तर बंदूक खांद्याकडे आणताना टोक काखेत किंवा कपड्यात अडकतं, हात ताणले जातात आणि डोकं मागे जातं. फार आखूड असेल तर बार उडताना मागे बसणाऱ्या धक्क्याने स्वतःचाच अंगठा नाकावर येतो. मोठ्या माणसाच्या दस्त्याने लहान चणीच्या माणसाचे हाल होतात ते असे.

दुसरं माप उंचीचं. दस्त्याची वरची कडा नळीच्या रेषेपेक्षा किती खाली आहे, हे ते माप. गाल तिथे टेकला की डोळा आपोआप नळीच्या रेषेत यायला हवा. छऱ्यांच्या बंदुकीला मागची माशी नसते. नेमबाजाचा डोळाच मागच्या माशीचं काम करतो. दस्ता फार खाली झुकलेला असेल तर दिसण्यासाठी डोकं उचलावं लागतं, गाल सुटतो आणि प्रत्येक वेळी डोळा वेगळ्या जागी असतो. नेम कधी वर, कधी खाली. माणूस म्हणतो, आज माझा हात चालत नाहीये. हाताचा काही दोष नसतो. शिवाय सुटलेल्या गालावर धक्क्याची चपराक बसते ती वेगळीच, आणि एकदा चपराक बसली की पुढच्या वेळी माणूस बार उडायच्या आधीच दचकतो.

तिसरं माप बाजूचं. दस्ता किंचित उजवीकडे वळवलेला असतो, कारण उजव्या खांद्यावरून उजवा डोळा नळीच्या रेषेत यायला तेवढी जागा लागते. डावखुऱ्या माणसाला तो डावीकडे वळलेला हवा. उजव्यांसाठी केलेली बंदूक डावखुऱ्याने घेतली तर लाकूड त्याला डोळ्यापासून दूर ढकलतं. इथे मी बेचकीवाल्याकडे बघितलं. त्याने नुसती मान हलवली, यात नवीन काय अशा अर्थाने.

आणि वजन. जड बंदुकीचा धक्का कमी बसतो, पण ती उचलून धरायला लागते. हलकी लवकर वळते, पण जास्त लाथ मारते. आपल्याला झेपेल एवढं वजन निवडायचं असतं.

दस्ता मापात आणायच्या युक्त्या सुताराला सहज समजतील अशा आहेत. लांब असेल तर मागून कापायचा. आखूड असेल तर लाकडाचा तुकडा किंवा रबराची गादी जोडायची. गाल टेकत नसेल तर तिथे कातड्याची गादी बांधायची, फार टेकत असेल तर कानशीने उतरवायचं. वळवायचा असेल तर मानेशी गरम जवसाचं तेल किंवा वाफ देऊन लाकूड मऊ करतात आणि शिकंज्यात धरून हळूहळू वाकवतात. थंड झालं की ते तसंच राहतं. घाई केली तर तडकतं.

आता ॲनीकडे परत. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला पन्नास वर्षं झाली. त्या निमित्ताने लंडनला अमेरिकन प्रदर्शन भरलं आणि वाइल्ड वेस्टचा खेळ जहाजाने तिकडे गेला. राणी स्वतः बघायला आली. ॲनी रातोरात लंडनची लाडकी झाली. पण शहरातल्या मोठ्या लोकांच्या नेमबाजी क्लबात ती गेली तेव्हा तिचा नेम तिच्या नावाला शोभेल असा लागेना. तिथली कबुतरं चपळ, झर्रकन उडणारी. आणि हातातल्या अमेरिकन बंदुका जड, दस्ता फार खाली झुकलेला.

हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. विचार करा, ही बाई तोवर हजारो लोकांसमोर खेळ करून आलेली. एवढ्याशा शरीराने त्या अवजड बंदुकांशी जुळवून घेत ती इतकी पुढे आली होती. अपयश आल्यावर ती सराव वाढवू शकली असती. क्लबातले लोक म्हणू शकले असते की खेळात ठीक आहे, पण बाईमाणसाला खरी नेमबाजी जमायची नाही. म्हणालेही असतील.

पण न्यू बाँड स्ट्रीटवरच्या चार्ल्स लँकेस्टर या बंदूककाराच्या लक्षात खरी गोष्ट आली. दुकानाचं नाव जुन्या मालकाचं. तेव्हा ते चालवणाऱ्याचं नाव हेन्री थॉर्न होतं, पण तोही लँकेस्टर म्हणूनच ओळखला जायचा. तो स्वतः नेमबाजी शिकवायचा आणि पुढे त्याने त्यावर एक गाजलेलं पुस्तकही लिहिलं. त्याने ॲनीला मारताना पाहिलं आणि निदान केलं की बाईच्या डोळ्यात किंवा हातात काही कमी नाही, बंदूक तिच्या अंगाला बसत नाही. मग त्याने तिच्यासाठी तिच्या मापाच्या बंदुका बनवल्या. त्यातली वीस बोअरची जोडी तर पाच पौंडांच्या थोडीच वर होती, म्हणजे अडीच किलोपेक्षाही कमी. दस्ता सरळ, तिच्या गालाला आणि हाताला बसणारा.

नेम सुधारला. पुढे तिने त्या बंदुका वर्षानुवर्षं वापरल्या आणि त्या बनवणाऱ्याचं मनापासून कौतुक केलं.

मला नेहमी वाटतं, हे ॲनीला पटकन पटलं असेल, कारण ती शिवणकाम करणारी बाई होती. आश्रयगृहात शिकलेलं ते काम तिने कधी सोडलं नाही. खेळातले पोशाख ती स्वतः शिवायची. खांद्यात आणि बाहीत हात मोकळा फिरेल, पळताना घेर आडवा येणार नाही, तरीही दिसायला नीटनेटकं. तंबूत बसून बारीक भरतकाम करत असलेली ॲनी बघून पाहुण्यांना आश्चर्य वाटायचं. काखेत घट्ट झालेल्या ब्लाऊजसाठी कुणी शिंपी बाईच्या खांद्याला दोष देत नाही. तो उसवतो आणि पुन्हा शिवतो.

लष्करातही ही अक्कल होती बरं का. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेली थ्री-नॉट-थ्री आठवते ना? तिचा मागचा दस्ता एका लांब बोल्टाने जोडलेला असतो आणि तो आखूड, नेहमीचा, लांब असा वेगवेगळ्या मापांत मिळायचा. त्याहून बुटक्यांसाठी आणखी एक आखूड माप. एकेका मापात अर्ध्या इंचाचा फरक, आणि कुठलं माप आहे हे दाखवणारं अक्षर लाकडावर ठोकलेलं. अर्धा इंच! आपल्या शाळांत मात्र पहिलीच्या आणि चौथीच्या मुलाला एकच बाक येतो. डी.एड.ला बैठक व्यवस्थेवर मी पाच गुणांचं उत्तर पाठ केलं होतं, पूर्ण गुण पडले होते. त्यात बाकाच्या उंचीबद्दल एक ओळ होती, ती मी नोकरीच्या नऊ वर्षांत एकदाही वापरली नव्हती.

ॲनीच्या पुढच्या आयुष्यातलं सगळं इथे सांगत नाही. दोन गोष्टी मात्र पालकांसाठी. १९०१ च्या ऑक्टोबरात खेळाची आगगाडी दुसऱ्या गाडीवर आदळली आणि ॲनीच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. वाइल्ड वेस्ट सुटला. त्यातून सावरत असताना १९०३ मध्ये वर्तमानपत्रांत बातमी छापून आली की ॲनी ओकली व्यसनापायी चोरी करून शिकागोच्या तुरुंगात गेली. अटक झालेली बाई भलतीच होती, तिने ॲनीसारखं नाव लावलं होतं, एवढंच. पण एका वर्तमानपत्राचं बघून दुसऱ्याने छापलं. आज आपल्या पालकांच्या ग्रुपवर होतं ना, अगदी तसंच. ॲनीने ५५ वर्तमानपत्रांवर दावे लावले, वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढली आणि १९१० पर्यंत त्यातले ५४ जिंकली. मिळालेल्या भरपाईपेक्षा तिचा खर्च जास्त झाला असं म्हणतात. तिला पैसे नको होते, नाव परत हवं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे तिने बायकांना नेमबाजी शिकवली. १५,००० हून अधिक बायका तिच्याकडून शिकल्या असं सांगितलं जातं. बाईने नवऱ्याची किंवा भावाची बंदूक उसनी घेऊन शिकू नये, हलकी आणि स्वतःच्या अंगाला बसणारी घ्यावी, हा तिचा आग्रह असायचा. उसन्या बंदुकीने पहिल्याच दिवशी खांदा काळानिळा होतो, आणि मग घरचे म्हणतात, बघ, तुला सांगितलं होतं.

साठी उलटल्यावर, १९२२ साली, मोटार उलटून तिचा कंबरेचा भाग आणि पाय दुखावला. पायाला धातूचा आधार बांधून ती पुन्हा उभी राहिली आणि पुन्हा नेम धरले. ३ नोव्हेंबर १९२६ रोजी ओहायोतच, ग्रीनव्हिलला, ती गेली. त्यानंतर अठरा दिवसांनी फ्रँक बटलरही गेला.

गोष्ट संपल्यावर मी मुलांना मोबाइलवर आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतचा फोटो दाखवला. २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर रायफलमध्ये ती जगज्जेती झाली. आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, २०२४ चं पॅरिसचं ऑलिंपिक कांस्यपदक. त्यांच्या रायफली बघून मुलं म्हणाली की ही बंदूक नाही, हे यंत्र आहे. दस्त्याला स्क्रू, गालाचा तुकडा वरखाली होणारा, मागचा भाग पुढेमागे सरकणारा. स्वप्नीलच्या प्रकारात गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून असे तीन वेळा नेम धरतात आणि दर वेळी बंदूक त्या त्या स्थितीला जुळवून घेतात. मुलांना सगळ्यात आवडला तो गालाचा तुकडा.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गाची मापं घेतली. सुतळी आणि पट्टी. गुडघ्यापासून तळव्यापर्यंत पाय, आणि बाकाची उंची. पहिलीच्या सहा जणांचे पाय अधांतरी लोंबत होते. त्यांच्या पायाखाली आता विटा आल्या आहेत, विटांची आमच्या वाडीला कमी नाही. तुम्हीही हा तास घेऊन बघा, मोजमापाचा घटक आपोआप होतो. बेचकीवाल्याला मी बाकाच्या डाव्या टोकाला बसवलं. इतके दिवस तो उजव्या टोकाला बसायचा आणि लिहिताना त्याचा कोपर शेजाऱ्याच्या कोपराला अडायचा. मी ते दोघांचं भांडण समजत होते. अक्षर एकदम सुंदर झालं असं सांगणार नाही. पण ओळ सोडून वर चढायचं ते थांबलं आहे. लाल शेरे मी बंद केले.

बेचकी त्याला परत दिली, पाखरांवर नाही, फक्त डब्यावर, या अटीवर. अट किती पाळली ते मी विचारलं नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी त्याने मला एक नवी आणून दिली. माझी मूठ त्याने कधी मोजली कोण जाणे. अंगठ्याची खाच डाव्या बाजूला आहे.

सुट्टीनंतर तो आलेला नाही. घराला कुलूप आहे. शेजारी सांगतात भट्टीवर गेले, कल्याणच्या बाजूला की पनवेलच्या, कुणाला नक्की माहीत नाही. शिक्षण हमी पत्रक मी भरून दिलं होतं, ते सामानात नेलं की नाही कळत नाही. त्या बाजूच्या ज्या शाळांच्या हद्दीत भट्ट्या आहेत, तिथल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. तिसरीतला, अंगाने बारीक, खिशात रबराचा तुकडा असलेला मुलगा भट्टीवर दिसला तर कागद नसला तरी वर्गात बसवून घ्या. तो डावखुरा आहे. त्याला बाकाच्या डाव्या टोकाला जागा द्या.